पक्षी की कीटक? वसंतात तलावाच्या काठावर दोन्ही कसे पाहावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराजवळ तलाव आहे. फेब्रुवारीपासून दर रविवारी आठच्या सुमाराला जाता आणि दीड तासात पूर्ण फेरी मारता. बदकं लांब पाण्यात असतात, जवळ गेलं की उडतात. चतुरांचे फोटो काढायला मॅक्रो लेन्स घेतली, पण चतुरच दिसत नाहीत. आता मार्चचा तिसरा आठवडा चालू आहे आणि बदकं निम्म्यावर आली आहेत. तर हंगाम संपला का, बदकं गेल्यावर काय बघायचं, आणि पक्षी व कीटक यांपैकी एकच काहीतरी धरावं का?

हंगाम संपलेला नाही, आणि दोन्हींतलं काही सोडायचीही गरज नाही. तुम्ही पक्षी एका बाजूला आणि कीटक दुसऱ्या बाजूला ठेवून विचार करताय. पण तलावाच्या काठावर पक्षी कुठे बसतो, कुठे चरतो, कधी येतो, हे बऱ्याचदा कीटकच ठरवतात. काठाचा एक तुकडा निवडून तिथे तीन-चार तास बसायची तयारी असेल, तर दोन्ही एकाच बैठकीत दिसतात.

आधी वेळेचं बघू, कारण खरी अडचण मला तिथेच दिसते. आठ ते साडेनऊ. पक्ष्यांचा सगळ्यात गजबजलेला तास तोवर उलटून गेलेला असतो, आणि चतुर, टाचण्या (चतुरांचे नाजूक, काडीसारखे भाऊबंद), फुलपाखरं यांचं अंग अजून तापलेलं नसतं. ऊन अंगावर घेऊन उड्डाणाचे स्नायू तापले की मगच हे कीटक हलतात. थंडी रेंगाळलेली असेल तर त्याला साडेनऊ-दहा वाजतात. म्हणजे पक्षी पांगल्यावर तुम्ही पोचता, आणि कीटक उडायला लागतात तेव्हा घरी निघता. मीही सुरुवातीची काही वर्षं असंच केलं. एकदा दुचाकी पंक्चर झाली म्हणून अकरापर्यंत काठावर अडकून पडलो, तेव्हा पहिल्यांदा तो तलाव पूर्ण पाहिला असं म्हणता येईल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमचा तलाव मी पाहिलेला नाही. चारही बाजूंनी दगडी पिचिंग किंवा काँक्रीटची भिंत असेल, तर चिखलात चरणारे पक्षी तिथे जवळपास नसतात आणि टाचण्याही मोजक्याच. उतरता, मातीचा काठ असेल आणि थोडं पाणकणीस, थोडं गवत असेल, तर एवढ्याशा जागेत भरपूर जीव असतात. धरणाच्या जलाशयाचं पाणी आवर्तन सुटलं की झपाट्याने ओसरतं, गावतळ्याचं हळूहळू आटतं, आणि ज्या तलावात सांडपाणी येतं त्याची पातळी फारशी हलत नाही. दख्खनच्या पठारावर फेब्रुवारीच्या पहाटेही गारठा असतो, किनारपट्टीला तो फारसा नसतो, त्यामुळे माझ्या घड्याळात तुम्हाला अर्धा-पाऊण तास पुढे-मागे करावा लागेल.

जागा निवडताना मी चार गोष्टी बघतो. शे-दीडशे पावलांचा उतरता काठ. त्यात कुठेतरी पाणकणीस किंवा लव्हाळं. पाण्यातून वर आलेली एखादी वाळकी फांदी किंवा खांब. आणि सकाळी ऊन पाठीमागून येईल अशी बाजू, म्हणजे पूर्वेचा काठ. उन्हाकडे तोंड करून बसलात तर सगळी बदकं काळी दिसतील आणि रंगांवरून काहीच ओळखता येणार नाही. झुडपाला किंवा बांधाला टेकून बसा, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती उठून दिसणार नाही. फेरी मारणारा माणूस बदकांना सतत जवळ येणारा दिसतो, म्हणून ती उडतात. बसलेल्या माणसाकडे ती वीस-पंचवीस मिनिटांत दुर्लक्ष करू लागतात आणि पुष्कळदा आपणहून काठाकडे सरकतात. सूर्योदयाच्या आधी पोचून अंधूक उजेडातच जागा धरली, तर ती वीस मिनिटंही वाया जात नाहीत.

पहिला तास पक्ष्यांना द्या. बदकं कमी झाली म्हणून हळहळू नका, उरलेली नीट बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात तेव्हा बरेच नर मादीसारखेच मळकट असतात. त्यांचा खरा पिसारा हिवाळ्यात भरत जातो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई किंवा तलवार बदकाची लांब शेपटी ऐन भरात असते. जोड्याही बहुधा इथेच जमतात. एका मादीभोवती तीन-चार नर मान वर-खाली करत फिरताना दिसले, तर ते प्रणयाराधन आहे. थापट्या बदकांचा एखादा घोळका एकाच जागी गोल गोल फिरताना दिसला तर पाच मिनिटं नजर हलवू नका. त्यांच्या पोहण्याने खालचं पाणी वर येतं, त्याबरोबर सूक्ष्म जीव वर येतात, आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक दातऱ्यांतून ते गाळून खातात. इथे तुमचे पक्षी आणि कीटक पहिल्यांदा भेटतात, कारण त्या पाण्यात पाणकिड्यांबरोबर कीटकांच्या अळ्याही असतात. हजारो किलोमीटर उत्तरेकडे जायचं बळ या खाण्यातूनच येतं.

ऊन वर आलं की साधारण साडेसात-आठला दुर्बीण खाली ठेवा आणि पाणकणसाच्या बुडाशी बघा. या अर्ध्या तासात पक्षीनिरीक्षक नेमकी आकाशाकडे मान करून असतात. चतुर आणि टाचण्या अंड्यातून बाहेर पडल्यापासून पाण्यात अळीच्या रूपात वाढतात, शिकार करतात, आणि वाढ पूर्ण झाली की देठावरून पाण्याबाहेर चढून शेवटची कात टाकतात. हे बरंचसं रात्री किंवा पहाटे होतं, म्हणजे पक्ष्यांना दिसायच्या आत. तुम्ही पोचाल तेव्हा देठाला घट्ट चिकटलेली तपकिरी, पोकळ कात सापडेल, पाण्यापासून वीतभर ते हातभर उंचीवर.

कधी कधी उशीर झालेला एखादा जीव समोर सापडतो. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या सुरुवातीला सकाळी सव्वासातला मला अशी एक टाचणी दिसली. अळीने देठ सहा पायांनी पकडला होता आणि तिची पाठ फाटायला लागली होती. आधी पाठीचा फुगवटा वर आला, मग डोकं, मग पाय. पाय मोकळे झाल्यावर ती बराच वेळ मागे झुकून तशीच थांबली, इतकी निश्चल की मेली असं वाटावं. पाय कडक झाल्यावर तिने पुढे उसळी घेऊन स्वतःचीच कात पकडली आणि पोट बाहेर ओढून काढलं. पंख तेव्हा चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे होते. बघता बघता ते उलगडले, पण दुधाळच राहिले. पाऊण तासाने ती पहिल्यांदा उडाली, जेमतेम दोन हात, आणि गवतात बसली. असा नवा जीव फिकट असतो आणि पंख काचेसारखे चकाकतात. त्याला बोट लावू नका. अंग कडक व्हायच्या आत दाब पडला तर पंख कायमचे वाकडे राहतात.

त्याच सकाळी कोतवाल आणि धोबी काय करत होते ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. पिवळा धोबी पाण्याच्या कडेने पळत देठांच्या बुडाशी चोच मारत होता, आणि कोतवाल खांबावरून दर दोन-तीन मिनिटांनी त्याच गवतावर झेपावत होता. म्हणजे ताजे, नीट उडता न येणारे कीटक कुठे आहेत हे दोघांनाही माहीत होतं. तेव्हापासून एखादा पक्षी त्याच त्याच जागेवर झेपावताना दिसला की मी पक्षी पाहून झाल्यावर ती जागा जाऊन बघतो. बहुतेक वेळा तिथे काहीतरी सापडतंच.

साडेनऊनंतर काठाचा नूर बदलतो. चतुरांचे नर आपापल्या काड्या धरून बसतात. तुम्हाला फोटो मिळत नाहीत, कारण तुम्ही उडणाऱ्या चतुरामागे जाता. त्याऐवजी तो उडून गेल्यावर त्याच्या काडीजवळ जाऊन बसा. काडीवर बसणारा चतुर पुन्हा पुन्हा त्याच काडीवर परत येतो. जवळ सरकताना खाली वाकून, सरळ रेषेत, हळूहळू जा. आडवी हालचाल त्याच्या डोळ्यांना चटकन कळते, आणि तुमची सावली त्याच्यावर पडली की तो गेलाच. ऊन चढल्यावर काही चतुर पोटाचं टोक थेट सूर्याकडे उभं करून शीर्षासनासारखे बसलेले दिसतील. अंगावर कमीत कमी ऊन यावं म्हणून ते तसं करतात, फोटोही छान मिळतो. सोपी ओळख अशी की बसल्यावर पंख पसरलेले असतील तर चतुर, आणि काडीसारखं नाजूक शरीर व पाठीवर मिटलेले पंख असतील तर बहुतेक टाचणी. जोड्याही याच वेळी जमतात. टाचण्यांचा नर मादीची मान पोटाच्या टोकाने धरून ठेवतो आणि ती पाणवनस्पतीत अंडी घालते तोवर सोडत नाही. चतुरांच्या कित्येक जातींत मादी पोटाचं टोक पाण्याला टेकवत अंडी सोडते आणि नर वरून पहारा देतो.

पावसाळ्याच्या अखेरीस हवेत तरंगणारे पिवळट चतुरांचे प्रचंड थवे तुम्ही पाहिले असतील, तर ते आत्ता शोधू नका. ती स्थलांतर करणारी जात आहे. पाऊस सरल्यावर ते भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, हे चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमधल्या निरीक्षणांवरून 2009 मध्ये मांडलं. वसंतात काठावर दिसतात ते मुख्यतः बारमाही पाण्याला धरून राहणारे चतुर.

ओल्या चिखलाचा पट्टा मला सगळ्यात आवडतो, आणि लोक तो नेमका ओलांडून जातात. तिथे कुंभारीण येते. बारीक कमरेची ही गांधीलमाशी जबड्याने माती खरवडते, पायांनी तिची मोहरीहून मोठी गोळी वळते, आणि तोंडात धरून उडून जाते. थोड्या वेळाने बहुधा तीच माशी परत येते. तिच्या मातीच्या घरट्यात लुळ्या केलेल्या अळ्या भरलेल्या असतात, पिल्लाच्या खाण्यासाठी. फुलपाखरं चिखलपान करायला येतात, त्यांत बहुतेक नर असतात. ओल्या मातीतून त्यांना क्षार मिळतात आणि मीलनाच्या वेळी त्यांतला काही भाग ते मादीला देतात. मधमाश्याही येतात. उन्हाळ्यात पोळं थंड ठेवायला त्या पाणी नेतात, ते पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. जिथे मधमाश्या पाण्यावर उतरतात, तिथे जवळच्या तारेवर किंवा फांदीवर वेडा राघू हमखास असतो. त्याने माशी पकडली की लगेच नजर काढू नका. तो ती फांदीवर आपटतो आणि मग घासतो, म्हणजे नांगीतलं विष निघून जातं. मार्चपासून त्यांची विणही सुरू होते, तेव्हा जवळच्या मातीच्या दरडीत बोगद्यासारखी भोकं दिसली तर तिथून लांब बसा.

उथळ पाण्यात शेवाळाजवळ नजर ठेवलीत तर पाण्यातला एक चपटा, तपकिरी ढेकूण दिसू शकेल, ज्याच्या पाठीवर अंडी खच्चून चिकटवलेली असतात. तो नर असतो. मादी त्याच्याच पाठीवर अंडी घालते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत तो त्यांना सांभाळतो. हे पहिल्यांदा दाखवलं की माणसं काठावरच मांडी घालून बसतात, असा माझा अनुभव आहे.

बदकं गेल्यावर काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये बघण्यासारखं खूप असतं, फक्त ते वेगळं असतं. तुतवार शेपटी हलवत अजून काठावर असतो. मालगुज्यांचे थवे राहिले असतील तर नरांच्या माना-छाती विटकरी होऊ लागलेल्या दिसतील. पिवळा धोबी निघायच्या आधी खरंच पिवळा होतो. वंचक, जो हिवाळाभर मातकट आणि रेघारेघांचा असतो, त्याची पाठ गडद किरमिजी होते, आणि कित्येकजण त्याला वेगळाच पक्षी समजतात. टिबुकलीचे गाल-मान तांबूस होतात आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका उठतो. ती किणकिणत्या आवाजात ओरडू लागली की जोडी जमली असं समजा. पुढे तिचं तरंगतं घरटं दिसलं तर लांबूनच बघा. जवळ माणूस आला की ती अंडी पाणवनस्पतींनी झाकून निघून जाते, आणि आपण तिथे जितका वेळ उभे राहू तितका वेळ ती अंड्यांवर बसू शकत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाणी ओसरलं की उघडं पडलेलं पात्र चालायला मोकळं वाटतं. सात-आठ वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये शेकाट्या पक्ष्यांच्या जवळ जायला मी अशाच खडकाळ पात्रातून चाललो होतो. एक छोटा कंठेरी चिखल्या समोर पंख मोडल्यासारखा फरफटत जायला लागला. मला फोटो दिसला. दहा-बारा मिनिटं मी तिथेच उभा राहून फोटो काढत होतो. मग खाली पाहिलं, तर पावलापासून दोन हातांवर चार अंडी होती, टोकं आत वळवलेली, खड्यांच्याच रंगाची. एप्रिलच्या त्या उन्हात ती तेवढा वेळ उघडी राहिली, माझ्यामुळे. पुढे त्यांचं काय झालं ते मला कळलं नाही, पण त्यानंतर मार्च ते जून मी ओसरलेल्या पात्रात पाऊल टाकत नाही. टिटवी, नदीसुरय, चिखल्या हे सगळे तिथेच अंडी घालतात. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते, इतकं ते ऊन कडक असतं. एखादा पक्षी लंगडायला किंवा तुमच्याभोवती ओरडत फिरायला लागला तर आल्या पावली मागे फिरा. शिवाय वरून वाळलेला गाळ खाली मऊ असतो आणि माणूस मांडीपर्यंत रुतू शकतो.

साधनांबद्दल फार सांगायचं नाही. तुमच्या मॅक्रो लेन्सपेक्षा दुर्बीण महत्त्वाची आहे, आणि ती 8×42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची, पुरते. 10 पटीची दुर्बीण हातात जास्त थरथरते आणि तिच्यात दिसणारा भागही बहुधा अरुंद असतो. घेताना ती किती जवळचं स्पष्ट दाखवते ते मात्र आवर्जून तपासा. साधारण दोन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसत असेल तर त्याच दुर्बिणीने बदकही बघता येतं आणि समोरच्या काडीवरची टाचणीही, तिला न हलवता. दुर्बीण उलटी करून डोळ्याला लावायची बाजू वस्तूच्या अगदी जवळ नेली, आणि मोठ्या भिंगातून पाहिलं, की तिचं छान भिंग होतं. जाळी आणू नका. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही.

ओळख पटवायची घाई करू नका. वहीत वेळ, ऊन की ढग, पाणी कुठवर आहे, आणि तो जीव काय करत होता, एवढं लिहा. फोटो असेल तर कीटक आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर आणि पक्ष्यांची यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाका, तिथले जाणकार मदत करतात. पण वहीतली ‘काय करत होता’ ही नोंद पुढच्या वर्षी सगळ्यात उपयोगी पडते, हे माझ्या जुन्या वह्या चाळताना मला दरवेळी जाणवतं.

तर येत्या रविवारी एवढं करा: सूर्योदयाआधी पोचा, पूर्वेच्या काठावर एकच जागा धरा, पहिला तास पाण्याकडे बघा, मग अर्धा तास देठांच्या बुडाशी, आणि निदान साडेदहापर्यंत उठू नका. जमलं तर एकदा संध्याकाळीही जा. सूर्य मावळताना एखाद्या झुडपाच्या शेंड्यावर धुरासारखा खांब हलताना दिसेल. ते न चावणाऱ्या चिलटांचे नर असतात, माद्यांची वाट बघत जमलेले. त्यांच्या अळ्या तलावाच्या गाळात वाढतात आणि पुष्कळदा रक्तासारख्या लाल असतात. माळभिंगऱ्या अजून गेल्या नसतील तर त्या खांबातून आरपार जाताना दिसतील.

आणि सकाळी कात सापडली की ती उन्हाकडे धरून तिच्या पाठीवरची चीर बघा. आतून पांढरे, केसासारखे बारीक धागे लोंबत असतील. ती त्या जिवाच्या श्वासनलिकांची आतली अस्तरं आहेत, बाहेर पडताना कातीबरोबर ओढून निघालेली. त्या देठावर पाण्यापासून किती उंचीवर ती मिळाली आणि कुठल्या तारखेला, ते मला नक्की कळवा.